दोन आठवड्यांनी पुन्हा तेच सात प्रश्न

लीड्स, इंग्लंड, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना मनूचा साष्टांग नमस्कार.

जेवणखाण, थंडी आणि घरमालकीण यांबद्दल फोनवर सगळे बोलून झालेले आहे, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. सदाशिवगडच्या आत्यांनी आईला जे विचारले, "मनू तिकडे वेड्यांच्या इस्पितळात असते का," त्याचे उत्तर मात्र फोनवर मला नीट देता आले नाही, उलट मी चिडले, म्हणून हे पत्र. मी रुग्णांवर उपचार करत नाही. प्रौढ माणसांना चिंताविकार असू शकतो का, याची पहिली चाळणी लावण्यासाठी दवाखान्यात जो छापील कागद भरून घेतात, तो कागद भरवशाचा आहे की नाही एवढेच मी तपासते. बाबा, दुकानाच्या काट्यावर मुदत संपली की तुम्ही वजनमापेवाल्यांकडून नवा शिक्का मारून घेत होतात. माझे काम त्या शिक्केवाल्याचे आहे. गूळ तोच आणि काटा सकाळी एक, संध्याकाळी दुसरे सांगू लागला तर दोष काट्याचा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अडचण अशी की माणसाचे मन गुळाच्या ढेपेसारखे एका जागी बसून राहत नाही. आमच्या कागदाचे नाव जीएडी-७. स्पिट्झर, क्रोएन्के, विल्यम्स आणि लोव या चौघा संशोधकांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटले, काळजी आवरता आली नाही, काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटली, असे त्यात सात प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण जास्तीत जास्त २१. मूळ अभ्यासात काही लोकांना आठवड्याच्या आत तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांची जुळणी ०.८३ आली, तंतोतंत जुळले असते तर १ आली असती. सातही प्रश्न एकाच दिशेला ओढतात का, याचा आकडा ०.९२ होता. या दुसऱ्या आकड्याचे सगळे कौतुक करतात, मला मात्र तो थोडा संशयास्पद वाटतो, कारण "काळजी थांबवता येत नाही" आणि "फार काळजी करतो" हे दोन प्रश्न जवळजवळ सख्खे भाऊ आहेत. एकाला हो म्हणणारा दुसऱ्याला नाही कसे म्हणेल?

आम्ही दुसऱ्या फेरीसाठी दोन आठवड्यांचे अंतर ठेवले आहे. अंतर कमी ठेवले तर माणूस आपले जुने उत्तर आठवून तेच लिहितो, जास्त ठेवले तर तोवर त्याचे दिवसच पालटलेले असतात. सुरुवातीला सरावासाठी आम्ही आपापसांतच कागद भरले होते. बाबांची अँजिओग्राफी झाली त्या आठवड्यात माझे ११ गुण आले आणि पुढच्या फेरीत ४. काटा चुकला असे त्यावरून म्हणता येत नाही. (काळजी करू नका, ४ म्हणजे काहीच नाही.)

इथल्या लोकांची एक रीत मात्र मला अजून उलगडलेली नाही. सकाळी भेटणारा प्रत्येक जण "ऑल राइट?" असे विचारतो. पहिल्या महिन्यात मी थांबून खरेच सांगायचे, की काल झोप लागली नाही, घरची आठवण आली. समोरचा बिचारा दाराला हात लावून अवघडून उभा राहायचा. मग कळले की तो प्रश्नच नसतो. त्याला "नॉट टू बॅड" एवढेच म्हणायचे, चालता चालता, आणि घरात मयत झालेले असले तरी तेच म्हणायचे. मागे एक आजोबा कागद भरायला बसले होते. टेबलाखाली त्यांचा पाय शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा हलत होता, पेनचे टोपण चावून चपटे झालेले, आणि सातही प्रश्नांना त्यांनी शून्यावर खूण केली. दोन आठवड्यांनी पुन्हा सात शून्ये. माझ्या तक्त्यात या आजोबांची जुळणी उत्कृष्ट आहे. एकच उत्तर पुन्हा येणे वेगळे आणि ते खरे असणे वेगळे.

बाबा, वहिनींच्या फोनवर तुम्ही तो कागद भरलात, १२ गुण आले आणि तुम्ही दोन दिवस गप्प होतात असे कळले. १० किंवा जास्त गुण म्हणजे निदान नव्हे, डॉक्टरांशी बोलावे एवढाच त्याचा अर्थ. समजा हजारांत पन्नास जणांना खरा विकार आहे. मूळ अभ्यासाच्या हिशेबाने कागद त्यांतले पंचेचाळीस पकडतो, पण विकार नसलेल्या साडेनऊशेंपैकी सुमारे एकशे सत्तर जणांनाही पकडतो, म्हणजे पकडलेल्या पाचांत खरा एकच. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला, बस.

मला तुमच्या १२ पेक्षा आईच्या शून्याची जास्त धास्ती वाटते. आई, चूक तुझी नाही, माझ्या भाषांतराची आहे. त्या सात प्रश्नांचे मराठी करून तुला विचारताना मी "काळजी करतेस का" असे विचारले, आणि आपल्याकडे काळजी करणे म्हणजे घर सांभाळणे. ती करते म्हणून आजार असतो हे तुला कसे पटेल? याच लीड्सच्या झिग्मंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली रुग्णालयासाठी केलेल्या प्रश्नावलीत पोटात फुलपाखरे उडतात का, असे विचारले आहे. तिथे मी "पोटात गोळा येतो का" असे लिहून पाहिले. तसे विचारले असते तर तू शून्य म्हणाली नसतीस, कारण तू पहाटे तीनला उठून माजघरात बसतेस हे वहिनींनी मला सांगितले आहे.

कर्जाचा या महिन्याचा हप्ता मी भरला आहे आणि पत्र्याच्या कामासाठी चाळीस हजार दादाच्या खात्यावर पाठवले आहेत. माझ्याकडे पुरेसे उरते, खरेच उरते. इस्लामपूरच्या मंडळींना मुलगी काय करते हे सांगताना लपवाछपवी करू नका. चिंताविकाराचा शब्द ऐकून ते मागे फिरणार असतील तर आत्ताच फिरलेले बरे. नाहीतर पुढच्या वर्षी मी आले की त्यांना भेटेन, याला माझा नकार नाही. दिवाळीला मात्र येता येणार नाही. बाकीच्या लोकांच्या दुसऱ्या फेरीचे कागद नेमके त्याच आठवड्यात भरून घ्यायचे आहेत आणि ते अंतर मोडले तर पहिली फेरी वाया जाते. हे मला महिन्यापूर्वीच कळले होते. तू दर रविवारी "बरी आहेस ना" विचारलेस आणि मी दर रविवारी "मजेत" म्हटले.

आईने रात्री किती वाजता जाग येते तेवढे पंधरा दिवस वहिनींकडून लिहवून पाठवावे. शून्य लिहू नये.

तुमची,
मनू