कराची बंदर आणि आमचा कांदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लासलगावात माझं कांद्याचं खळं (कांदा निवडून गोण्या भरायची जागा) आहे, तीस वर्षं झाली. टीव्हीवर कांद्याची बातमी लागली की माझे हमालसुद्धा हसतात. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव लावते. कमाल भाव मिळतो एखाद-दुसऱ्या ट्रॅक्टरला, गोल्टी म्हणजे बारीक कांदा काढलेल्या, डबल पत्तीच्या म्हणजे दुहेरी सालीच्या मालाला. बातमीत मात्र तोच अख्ख्या बाजाराचा भाव होतो आणि खाली पट्टी फिरते, 'कांद्याने रडवले'. त्यामुळे आपण काही बातम्यांना भुलणारे नाही, अशी माझी घमेंड होती.

भारत-पाकिस्तान लढाई चालू असताना, ८ मे २०२५ च्या रात्री ती घमेंड उतरली. टीव्हीवाल्यांच्या स्टुडिओत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजत होते (दोन दिवसांनी सरकारलाच सांगावं लागलं की वाहिन्यांनी ते वाजवू नयेत) आणि आपल्या नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं निवेदक सांगत होते. कोणी पाहिलं, हे मी विचारलंच नाही. डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली तेव्हा आखातातली आमची गिऱ्हाइकं पाकिस्तानी कांद्याकडे गेली होती. तो कांदा कराचीतून निघतो. बंदर गेलं म्हणजे दुबईत आपणच! रात्री साडेबाराला भाच्याला उठवून सांगितलं, उद्या लिलावात हात आखडू नको. त्याने तीन ट्रॅक्टर क्विंटलमागे शंभर रुपये चढे घेतले.

दुपारी दुबईच्या अल अवीर बाजारातला माझा जुना व्यापारी फोनवर हसायला लागला. त्याचं सकाळीच कराचीत बोलणं झालं होतं, बंदरात कामकाज सुरू होतं. पुढे कळलं, कराची म्हणून फिरलेल्या एका चित्रफितीतली आग अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पडलेल्या विमानाची होती.

हा फोन मला रात्रीच करता आला असता. केला नाही, कारण बातमी खोटी ठरलेली मला नकोच होती.

आणि ही पहिली वेळही नव्हे. ऑक्टोबर २०२० मध्ये कराचीत यादवी पेटल्याच्या बातम्या आल्या. त्यात आलेला 'गुलशन-ए-बाग' नावाचा भाग त्या शहरात नव्हताच. तेव्हाही मी मान डोलावली होती. विंचूर आणि लासलगावच्या मध्ये कोणी नसलेलं गाव छापलं तर चहा संपायच्या आत पकडलं जाईल. कराची आमच्यापैकी पाहिलंय कोणी? २०१४ मध्ये पाकिस्तानने तिथल्या आपल्या दोन वार्ताहरांना परत पाठवलं, २०२३ मध्ये चीननेही तेच केलं. तरी दोन्ही देशांच्या आतल्या गोटातल्या बातम्या रोज येतात.

त्याच आठवड्यात पूंछमध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात गेलेल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवलं. पोलिसांना खुलासा करावा लागला. तो माणूस तर आपल्याच देशातला होता. ती बातमी पाहताना खळ्यावर मी काय बोललो, ते इथे लिहायची लाज वाटते.

माझे शंभर रुपये क्विंटल गेले, त्याबद्दल तक्रार नाही. आपल्याला एवढीच विनंती, कराचीची किंवा बीजिंगची बातमी दिल्लीत बसून लिहिली असेल, तर तिच्या सुरुवातीला दिल्लीच छापत जा.

– एक कांदा व्यापारी, लासलगाव (जि. नाशिक)