विमानाच्या वेळेचा पूर्ण हिशेब छापा

सप्रेम नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत युरोपातल्या विमानतळांमधलं अंतर आणि वेळ असा तक्ता आला होता, तो मी कापून आईबाबांना दिला होता. त्यात लंडन हीथ्रो ते अॅमस्टरडॅम स्किपोल ३७० किमी, ४५ मिनिटं असं होतं. आकडे खोटे नाहीत, पण त्या ४५ मिनिटांवर बाबांनी सगळा प्लॅन केला. सकाळी १० चं विमान, म्हणजे पावणेअकराला पोचलो, आणि मग स्किपोलहूनच साडेबाराची जर्मनीतल्या कोलोनची ट्रेन पकडून ताईकडे जायचं. विमान अगदी टाइमवर होतं तरी उतरले तेव्हा तिथल्या घड्याळात १२ वाजून २० झाले होते, पुढे पासपोर्टची लाइन, बॅगा, आणि ट्रेन गेली ती गेलीच. तिकीट बदलून मिळणारं नव्हतं, सत्तरीतली दोन माणसं दुसरं तिकीट काढून संध्याकाळी पोचली. आई फोनवर रडत होती.

हे असं का होतं ते तक्त्याशेजारी चार ओळीत लिहिता आलं असतं. ३७० किमी हे नकाशावरचं सरळ हवाई अंतर, रस्त्याने समुद्राखालच्या बोगद्यातून गेलं तर तेच साडेपाचशेच्या आसपास जातं. आणि ४५ मिनिटं म्हणजे चाकं उचलल्यापासून परत टेकेपर्यंत. विमान कंपन्या तिकिटावर देतात तो ब्लॉक टाइम, म्हणजे गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत, तो याच रूटवर १ तास २० मिनिटांच्या आसपास असतो, कारण जमिनीवर फिरण्यातच खूप वेळ जातो. स्किपोलची पोल्डरबान म्हणून धावपट्टी आहे, २००३ मध्ये सुरू झालेली, ती टर्मिनलपासून इतकी लांब आहे की तिथे उतरलं तर गेटपर्यंत यायलाच पंधरा मिनिटं सहज जातात. उलट बाजूने हीथ्रोला येताना गर्दी असली की विमानं बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन हिल या चार ठिकाणी आकाशात घिरट्या घालत थांबतात, दोनच धावपट्ट्या आहेत ना तिथे. हे सगळं धरूनच टाइमटेबल बनतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं घड्याळ. अॅमस्टरडॅम लंडनच्या १ तास पुढे. म्हणून जाताना तिकिटावर १० ते १२:२० दिसतं आणि येताना १० ते १०:२०, आपल्याकडे देशभर एकच वेळ असल्यामुळे मोठ्या माणसांच्या हे लक्षातच येत नाही, त्यांना वाटतं एक विमान फास्ट आणि दुसरं स्लो.

शिवाय ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे अंतर कितीही छोटं असलं तरी दोन्हीकडे पासपोर्ट तपासणी आहेच आणि आपल्याला व्हिसाही वेगवेगळा लागतो. याच दोन शहरांमध्ये थेट ट्रेन पण आहे, साधारण ४ तासांची, शहरातून थेट शहरात. विमानतळावर आधी जाऊन थांबायचं, मग उतरून गावात जायचं हे सगळं धरलं तर फरक फार उरत नाही, पण तक्त्यात ट्रेनचा उल्लेखच नव्हता.

आता सुट्ट्यांच्या आधी परत तो तक्ता येईल. त्यात नुसत्या उड्डाणाच्या मिनिटांऐवजी ब्लॉक टाइम द्या, घड्याळाचा फरक द्या आणि विमानतळ शहरापासून किती लांब आहे तेही द्या. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किमीवर आहे, हे तिकीट काढायच्या आधी कळायला हवं. जागा कमी पडत असेल तर चार शहरं कमी छापा, चालेल.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे