जारवांच्या जंगलातून पर्यटकांच्या गाड्या नकोत

मा. श्री. जुएल ओराम,
केंद्रीय आदिवासी कार्यमंत्री, नवी दिल्ली
यांस

स. न. वि. वि.

कोल्हापुरातून अंदमानला निघणाऱ्या सहलींत एक दिवस बहुधा बाराटांग बेटाचा असतो. कागदावर चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. पण नोंदणी करताना विचारलं जातं, "जारवा दिसतील ना?" जारवा म्हणजे अंदमानच्या जंगलात राहणारी आदिम जमात. माणसं बघायला जाण्याची ही सोय आपण बंद करावी, यासाठी हे पत्र.

बाराटांगच्या वाटेवरच्या जिरकाटांग चेकपोस्टवर पहाटेच्या अंधारातच गाड्यांची रांग लागते. ओळखपत्रं, फॉर्म झाले की पोलीस बंदोबस्तात कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा सुटतो, तो थेट बाराटांगसमोरच्या मिडल स्ट्रेटच्या जेट्टीला. कोल्हापूर ते सांगली एवढं हे अंतर पूर्ण जारवांच्या राखीव जंगलातलं आहे. ताशी 40 किलोमीटरच्या वर जायचं नाही, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही, हे नियम चांगलेच आहेत. पण पोलीस पुढे आणि मागे. मधल्या एखाद्या गाडीची काच खाली झाली आणि बिस्किटाचा पुडा बाहेर पडला, तर तो पाहणार कोण? 2012 मध्ये जारवा स्त्रियांना खाण्याच्या आमिषाने नाचायला लावल्याची चित्रफीत जगाने पाहिली. त्यानंतर कायद्यात शिक्षा वाढवली, रस्ता मात्र पर्यटकांना खुलाच राहिला.

सर्वांत मोठा धोका आजाराचा आहे. 2011 च्या जनगणनेत जारवा होते अवघे 380. बाहेरच्यांशी त्यांची ऊठबस सुरू झाली 1997-98 मध्ये, आणि 1999 मध्ये लगेच गोवराची साथ आली; 2006 मध्ये पुन्हा. गोवर अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो. म्हणजे चेकपोस्टवर डॉक्टर बसवला तरी ठणठणीत दिसणाऱ्या प्रवाशातला गोवर त्याला सापडणार नाही. इथे तपासणी पुरत नाही, माणसंच कमी करावी लागतात.

राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2002 रोजीच सांगितलं आहे. जारवांच्या जगण्यात कमीत कमी हस्तक्षेप करायचा, हे 2004 चं सरकारचं स्वतःचं धोरण. बाराटांगला जाण्यासाठी समुद्रमार्गही 2017 मध्ये सुरू झाला. मग अडतं कुठे? बोटीला वेळ जास्त लागतो, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि बोटीतून जारवा दिसत नाहीत. रस्ता पर्यटकांना मोकळा आहे तोवर सहलवाले बोटीकडे वळणार नाहीत. बोट वाढवून रस्ता आपोआप ओस पडेल, ही आशा सोडायला हवी. आधी पर्यटकांचे परवाने थांबवा, मग बोटी भरतील.

बाराटांगच्या पलीकडच्या रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या लोकांचं मात्र या रस्त्यावर पोट आहे. रुग्णवाहिका, भाजीचे ट्रक, शाळा-कॉलेजची मुलं यांना पक्का पर्याय मिळेपर्यंत कॉन्व्हॉयमधून जाऊ द्यावं; ते रोजचे प्रवासी आहेत, जारवा बघायला निघालेले नाहीत. टॅक्सीवाल्यांचा प्रश्नही खरा आहे. बोटीने उतरलेल्या पर्यटकांना बाराटांगच्या जेट्टीपासून ज्वालामुखीपर्यंत नेण्याचं काम त्यांना पाळीने देता येईल. गुहांचं परवानापत्र बोटीच्या तिकिटासोबतच, एकाच खिडकीवर मिळावं. पावसाळ्यात बोट बंद तर बाराटांगही बंद, एवढं पर्यटकांना सोसायला हवं. जंगलात कामासाठी जाणारे पोलीस, आरोग्यसेवक आणि अंदमान आदिम जनजाती विकास समितीचे कर्मचारी यांचं गोवराचं लसीकरण तपासूनच त्यांना आत सोडावं, ताप असेल त्याला परत पाठवावं.

आणखी एक. "आदिवासी दर्शन" अशी जाहिरात करणाऱ्या सहल कंपन्यांवर, त्या कोल्हापुरात असोत की दिल्लीत, कारवाईसाठी आपण राज्यांना लेखी कळवावं. माणसांचं दर्शन विकायला ठेवणं आम्हाला लाजिरवाणं वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीतल्या सहलींची नोंदणी काही महिने आधी सुरू होते. त्याआधी अधिसूचना निघाली, तर सहलवाल्यांना कार्यक्रम बदलायला वेळ मिळेल आणि भरलेल्या पैशांचे वाद होणार नाहीत.

आपले,
आदिवासी हक्कांसाठी काम करणारे कोल्हापूरकर