माफी मिळाली तरी नोंद राहते

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी कॅपिटॉलवरील, म्हणजे तिथल्या संसद भवनावरील, हल्ल्याच्या प्रकरणातील सुमारे दीड हजार जणांना माफी दिली. माफी मिळाली म्हणजे गुन्ह्याचा डाग धुऊन निघाला, असे आपल्याकडे अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात अध्यक्षांच्या माफीने उरलेली शिक्षा टळते, मतदान किंवा बंदूक बाळगण्यावरची बंधने बहुतांशी उठतात. पण दोषी ठरल्याची नोंद दप्तरातून जात नाही. तिच्याजोडीला माफीची नोंद होते, एवढेच. शिवाय ही माफी फक्त फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालच्या, गुन्ह्यांना लागू. राज्याच्या कायद्याखाली फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, सिद्ध झाला असेल तर राज्याच्या गव्हर्नरकडे किंवा माफी मंडळाकडे जावे लागते.

नोंद मिटवणे, ज्याला तिकडे एक्सपंजमेंट म्हणतात, किंवा सील करणे, म्हणजे ती लोकांना पाहण्यास बंद करणे, हे निराळे. तो मुख्यतः राज्यांचा कारभार. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये ‘क्लीन स्लेट’ कायदा करून जुन्या, किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी आपोआप सील करण्याची सोय केली. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला नोकरी नाही, भाड्याने घर नाही, ही अवस्था त्याने थोडी तरी सुधारते. मला हा कायदा मनापासून पटतो.

पण तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलांचा घात इथेच होतो. आमच्या नात्यातला एक मुलगा दुकानातल्या चोरीत सापडला. ‘गुन्हा कबूल कर, पुढे नोंद मिटवून घेऊ,’ असे वकिलाने सांगितले. नोंद मिटलीही. पुढच्या व्हिसाच्या वेळी मात्र सगळे पुन्हा उभे राहिले. १९९६ पासून इमिग्रेशन कायद्यात दोषसिद्धीची स्वतंत्र व्याख्या आहे: गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने काही शिक्षा किंवा बंधन घातले की पुरे. राज्याने नंतर नोंद मिटवली तरी इमिग्रेशन खाते सहसा ते मिटवणे जमेस धरत नाही. उलट अध्यक्षांची किंवा गव्हर्नरची पूर्ण माफी काही गुन्ह्यांत हद्दपारी टाळू शकते. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तीही नाही.

व्हिसाचा डीएस-१६० अर्ज आता घरोघरी भरला जातो. कधी अटक झाली होती का, दोषी ठरला होतात का, असे त्यात विचारतात, आणि ‘माफी मिळाली असली तरी’ सांगा असे तिथेच स्पष्ट लिहिलेले असते. नोंद मिटली म्हणून तिथे ‘नाही’ लिहिले तर खोटी माहिती दिल्याचा वेगळा ठपका बसतो आणि कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. नागरिकत्वाच्या अर्जातही मिटवलेली प्रकरणे सांगावीच लागतात.

कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर अशिलाला तसे सांगणे हे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया खटल्यात ठरवले. म्हणून कबुलीजबाब देण्याआधीच मुलांनी वकिलाला याबद्दल विचारावे आणि शक्यतो इमिग्रेशनच्या वकिलाचाही सल्ला घ्यावा. आणखी एक: नोंद मिटवण्यापूर्वी निकालाच्या प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात. नंतर त्या न्यायालयातून मिळणे फार अवघड जाते आणि व्हिसा अधिकारी नेमक्या त्याच मागतात.

— एक वाचक, डोंबिवली