बाई, तालमीला बोलावलंत म्हणून

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

राज्य नाट्य स्पर्धेतला आपला प्रयोग झाला, सेट उतरवला, भाड्याचे कपडे परत गेले. तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. परभणी-हिंगोलीकडच्या, एकेकाळी नाटक केलेल्या आणि मग सुटून गेलेल्या बायकांपर्यंतही ते पोचावं अशी इच्छा आहे.

युवक महोत्सव गाजवलेल्या कितीतरी मुली लग्नानंतर नाटक बघायलासुद्धा येत नाहीत. माझंही तेच झालं होतं. बँकेची नोकरी, लेकीची शाळा, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. तुम्ही घरी आलात आणि मला काही न विचारता सासूबाईंशीच बोललात. "संध्याकाळी सात ते नऊ ही मला पाहिजे. लेकीचा अभ्यास माझ्याकडे." आणि तालमी संपेपर्यंत सातवीतली माझी लेक तुमच्या घरी बसून गणितं सोडवत राहिली. दिग्दर्शनाचं कौतुक सगळेच करतील. तुम्ही केलेली ही सोय कोणाच्या लक्षात येणार नाही, म्हणून तिचे आभार आधी.

दुसरे आभार सिनेमांचे.

शेक्सपिअरचं 'मॅकबेथ', म्हणजे बायकोच्या भरीनं राजाला मारून गादीवर बसणाऱ्या सरदाराचं नाटक, करायचं म्हणालात तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो होतो. आपल्या गटात कोण कृषी विद्यापीठात, कोण एसटीत, कोण झेडपीच्या शाळेत. "बाई, हे आपल्याला झेपंल का?" असं कोणीतरी विचारलंच. त्यावर तुम्ही भाषण दिलं नाहीत. संहिता बाजूला ठेवलीत आणि भिंतीवर कुरोसावाचा 'थ्रोन ऑफ ब्लड' लावलात. 1957 सालचा, काळापांढरा, जपानी. शेक्सपिअरची एक ओळही त्यात नाही आणि तरी तो पुरा मॅकबेथ आहे. लेडी मॅकबेथच्या जागी आलेली असाजी, म्हणजे इसुझु यामादा, जवळजवळ हलतच नाही. चेहरा नोह या जुन्या जपानी नाट्यातल्या मुखवट्यासारखा. गुंगीचं औषध घातलेली दारू आणायला ती काळोख्या दारातून आत जाते, दिसेनाशी होते आणि तशीच बाहेर येते. ऐकू येते ती फक्त तिच्या कपड्यांची सळसळ. हे दृश्य तुम्ही पुन्हापुन्हा लावलंत. मला म्हणालात, "तू हातवारे फार करायलीस. हिच्याकडं बघ."

माझ्यातल्या नटीला मिळालेली ही सगळ्यात मोठी शिकवण. कॉलेजात मी आवाजावर बक्षिसं घेतली होती. गप्प उभं राहूनही रंगमंच ताब्यात ठेवता येतो, हे मला असाजीनं शिकवलं.

मग 'मकबूल' (2003). विशाल भारद्वाजांनी मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींच्या जागी कुंडली मांडणारे दोन पोलीस आणले आणि शेवटी त्याच्या किल्ल्यावर चालून येणाऱ्या जंगलाच्या जागी समुद्र. त्यातली लेडी मॅकबेथ, निम्मी, तर डॉनची बायकोसुद्धा नाही, ठेवलेली बाई आहे. त्यामुळे तिची भीतीही वेगळी. तब्बूचं ते काम मला आजही यामादाच्या बरोबरीचं वाटतं. तुम्हाला तसं वाटत नाही, हे ठाऊक आहे. त्यांच्याच 'ओंकारा'त 'ऑथेल्लो'तल्या रुमालाचा कमरबंध झाला, 'हैदर'मध्ये 'हॅम्लेट'च्या डेन्मार्कचं काश्मीर झालं. 'कॉमेडी ऑफ एरर्स'वरचा 'अंगूर'ही तुम्ही याच रांगेत बसवलात, ते फार आवडलं. संजीवकुमार आणि देवेन वर्मांचं टायमिंग बघताना आपले दोन नवखे कलाकार वहीत टिपणं काढत होते.

प्रत्येक सिनेमानंतर तुमचा एकच प्रश्न असायचा: "याच्याकडं जंगल नव्हतं, मग यानं काय केलं?" आमच्याकडंही जंगल नव्हतं. पण ऊस होता. रात्री रस्त्यानं रांगेत निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या मराठवाड्यात कोणी बघितल्या नाहीत? गढीवर ऊस चालून येतो, ही कल्पना आपल्या एसटीवाल्या दादांची. पण ती सुचेल अशी जागा तुम्ही करून ठेवली होती. पहाटे कंदील घेऊन येणारा आणि भविष्य सांगणारा पिंगळाही असाच सापडला.

आणि पाणी! लेडी मॅकबेथ हातावरचं न निघणारं रक्त धूत राहते, त्या प्रवेशात मी खरं पाणी मागत होते. तुम्ही म्हणालात, घागर रिकामीच राहील. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते बघितलेले लोक समोर बसणार आहेत. त्यांच्यासमोर एक बाई रिकामी घागर उपडी करत राहिली तर बाकी काही सांगावं लागणार नाही. माझ्या तोंडी एवढंच ठेवलंत: "निघंनाच की गं माय." प्रयोगानंतर रंगपटात आलेल्या बायका माझ्या संवादफेकीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत, घागरीबद्दलच बोलत होत्या.

आपल्याकडं हे काम नवं नाही, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. देवलांनी 1890 साली 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं, शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चं 'राजमुकुट'. त्या ओळीत आपण कुठंतरी शेवटी उभे आहोत, ही भावना मला फार मोलाची आहे.

आता पुढचं. विंदांनी भाषांतर केलेला 'राजा लिअर', तीन मुलींत राज्य वाटायला निघालेल्या म्हाताऱ्या राजाचं नाटक, मी वाचायला घेतलाय. परवा तुम्ही त्यावरचाच कुरोसावाचा 'रान' हा सिनेमा दाखवलात. किल्ल्यावरच्या हल्ल्यात सगळे आवाज काढून टाकलेत, नुसतं संगीत. मग एक गोळी सुटते आणि लढाई एकदम ऐकू यायला लागते. ते रंगमंचावर कसं करायचं, यावर प्रकाशयोजनावाल्या पोरांचं डोकं चाललंय. पण कुरोसावानं लिअरच्या तीन मुलींचे तीन मुलगे केले, तसं आपण करू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडं बाप वाटणी करतो तेव्हा पोरींच्या पुढं हक्कसोडपत्राचा कागद येतो, आणि भावाशी माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. बँकेच्या काउंटरवर हे कागद मी रोज बघते. अशा गावात एखादा म्हातारा सातबारा तीन मुलींच्या नावावर करायला निघाला, तर पहिल्याच प्रवेशात केवढा भडका उडेल! धाकटीनं काय बोलावं आणि काय बोलू नये, यावर माझ्याकडं थोडं लिहून झालंय. रविवारी घेऊन येते. तुम्ही लाल पेन काढून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी