लिनक्सच्या नोट्सना शुद्धिपत्र हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला, की कॉलेज रोडवरील झेरॉक्सच्या दुकानांत संगणक क्लासच्या नोट्सचे गठ्ठे लागतात. मुखपृष्ठावरचे साल बदललेले असते, आतला मजकूर मात्र बहुधा जुनाच असतो. नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे काम केले असून निवृत्तीनंतरही मुले शंका घेऊन घरी येतात. यंदा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीबद्दल, आलेल्या दोन शंकांमुळे हे पत्र लिहीत आहे. (छपाईच्या सोयीसाठी फायलींचे पाथ, म्हणजे संगणकातील त्यांचे पत्ते, येथे देवनागरीत दिले आहेत, संगणकावर ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करावयाचे.)

पहिल्या विद्यार्थ्याने नोट्समध्ये सांगितल्याप्रमाणे सिस्टिमच्या नोंदी पाहण्यासाठी /व्हार/लॉग/मेसेजेस ही फाइल उघडायचा प्रयत्न केला आणि अशी फाइल नसल्याचा संदेश आल्यावर आपल्याच हातून काहीतरी पुसले गेले, असे समजून तो घाबरला. वस्तुतः लिनक्सचे अनेक वाण आहेत आणि हे नाव मुख्यतः त्यांतील रेड हॅटच्या परंपरेत चालते. डेबियन आणि उबुंटू या वाणांवर मुख्य नोंदींची फाइल वर्षानुवर्षे /व्हार/लॉग/सिसलॉग ही असे. आणि त्याच्याकडे असलेल्या, २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ती फाइल लिहिणारा प्रोग्रामच मुळात बसवलेला नसतो, त्यामुळे नोंदी 'जर्नलसीटीएल' या कमांडने पाहाव्या लागतात.

दुसरी चूक अधिक त्रासदायक, कारण तीत संगणक तक्रारच करत नाही. एका विद्यार्थिनीने आपले वेबपान नोट्सप्रमाणे /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू या डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) ठेवले. डिरेक्टरी होती, फाइल नीट कॉपी झाली, पण ब्राउझरमध्ये अपाचे या वेबपाने पुरवणाऱ्या प्रोग्रामचे मूळचे स्वागतपानच दिसत राहिले. डेबियन ८ पासून, म्हणजे २०१५ पासून, अपाचे आपली पाने त्याच्या आतल्या 'एचटीएमएल' या डिरेक्टरीतून पुरवतो. दोन दिवस ती स्वतःच्या एचटीएमएलमधील चूक शोधत होती.

असे पाथ इतकी वर्षे टिकतात, याचे एक कारण चमत्कारिक आहे: सिस्टिम बनवणारे लोक फार सौजन्यशील असतात. /व्हार/रन या डिरेक्टरीचे काम /रन कडे गेले, डिरेक्टरींची मांडणी ठरवणाऱ्या फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डच्या २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते रीतसर नोंदलेही गेले. पण जुन्या जागी एक सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे नेणारी खूण, ठेवलेली असते. चौकाचे जुने नाव सांगितले, तरी नाशिकचा रिक्षावाला जसा बरोबर जागी नेऊन सोडतो, तसेच हे. त्यामुळे जुना पाथ चालतो आणि पुस्तिका दुरुस्त करण्याची निकड कोणालाच वाटत नाही. सिमलिंक नसते तेथेच विद्यार्थी अडतो.

यावर एका क्लासचालकांनी सर्व पाथ 'फाइंड अँड रिप्लेस'ने एका दमात बदलून टाकण्याची तयारी दाखवली. हेतू चांगला, पण पद्धत घातक आहे. फेडोरा या लिनक्सच्या वाणाने २०१२ मध्ये /बिन ही डिरेक्टरी /यूएसआर/बिन मध्ये विलीन केली आणि इतरांनीही पुढे तोच मार्ग धरला, हे खरे. मात्र मजकुरातील प्रत्येक '/बिन' च्या जागी '/यूएसआर/बिन' घालायला घेतले, तर आधीच बरोबर असलेल्या /यूएसआर/बिन चे /यूएसआर/यूएसआर/बिन होते. शिवाय शेल स्क्रिप्टच्या (ओळीने चालवायच्या कमांड लिहिलेल्या फाइलच्या) पहिल्या ओळीतील /बिन/एसएच ला मुळीच हात लावू नये. ते लिनक्सवर चालते आणि फ्रीबीएसडी या वेगळ्या प्रणालीवरही चालते, तर फ्रीबीएसडीवर /यूएसआर/बिन/एसएच नावाची फाइलच नसते. कोणता पाथ कालबाह्य झाला आणि कोणता केवळ जुना दिसतो, हे माणसाने त्या त्या यंत्रावर बसूनच ठरवायला हवे. कंटाळवाणे काम आहे, पण एका सेमिस्टरच्या नोट्सना दोन दुपारींहून अधिक वेळ लागत नाही, हे मी करून पाहिले आहे.

खरे तर लिनक्स ज्या प्रणालीच्या धर्तीवर बनले, त्या युनिक्सच्या कर्त्यांनी ही शिस्त पहिल्याच दिवशी घालून दिली होती. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या ३ नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये कमांडच्या पानांवर 'फाइल्स' असे वेगळे शीर्षक असून ती कमांड कोणत्या फायलींना हात लावते, ते तेथे लिहिलेले असे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तर डिरेक्टरींची मांडणी सांगणारे 'हायर' हे स्वतंत्र पानच आले. आजही टर्मिनलवर 'मॅन हायर' असे टाइप केले, की बहुतेक यंत्रांवर ते उघडते. आमच्या नोट्समध्ये या कमांडचा उल्लेख मला कोठेही आढळला नाही.

तेव्हा नोट्स काढणाऱ्यांना विनंती अशी, की प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर ते कोणत्या सिस्टिमच्या कोणत्या आवृत्तीवर तपासले, हे छापावे. जुना पाथ खोडून न टाकता 'पूर्वी येथे असे' अशी नोंद त्याच्याशेजारी ठेवावी, कारण सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या मुलाच्या पुढ्यात दहा वर्षांपूर्वीचा सर्व्हरही येऊ शकतो. संपूर्ण फेरछपाई परवडत नसेल, तर जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी जोडलेले असे, तसे एक पानी शुद्धिपत्र पुरेसे आहे. एका नोट्ससाठी तसे मी तयार केले असून संबंधित क्लासला विनामूल्य देऊ केले आहे. ते छापायचे की नाही, याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
इंदिरानगर, नाशिक