रक्कम नंतर विचारा, आधी नाव कोणाचे कटणार ते विचारा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

निवडणूक आली की कल्याणकारी योजनांवरचे भांडण ठरलेले असते. एक बाजू म्हणते, तिजोरी उघडून मते विकत घेतली. दुसरी म्हणते, गरीब बाईच्या हातात चार पैसे आले तर तुमच्या पोटात का दुखते? हे दोन्ही सूर एकाच घरात, एकाच पंगतीत निघतात, आणि त्यात वाईट काही नाही. वाईट हे की दोघेही फक्त रकमेवर भांडतात. पंधराशे, एकवीसशे की तीन हजार? जे लोक या योजनांचे अर्ज भरून देतात आणि त्रुटीत निघालेली प्रकरणे घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढतात, त्यांना रक्कम हा सगळ्यात सोपा प्रश्न वाटतो. अवघड प्रश्न दोन आहेत. पैसे कमी पडले की पहिले नाव कोणाचे कटणार? आणि जिचे नाव कटले तिने दाद मागायची कुठे? मत ठरवताना प्रत्येक पक्षाला हे विचारले पाहिजे.

लाडकी बहीण योजनेचाच हिशेब मांडून पाहू. २८ जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात घोषणा झाली, तेव्हा वर्षाचा अंदाज ४६ हजार कोटींचा होता. पुढे लाभार्थी सुमारे अडीच कोटींवर गेल्या. अडीच कोटी गुणिले पंधराशे, म्हणजे महिन्याला ३,७५० कोटी आणि वर्षाला ४५ हजार कोटी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद झाली ३६ हजार कोटींची. महिन्याला ३,००० कोटी, म्हणजे बरोबर दोन कोटी बायकांपुरते. हा आकडा छापून आला त्याच दिवशी कळायला हवे होते की आता तीनपैकी एक गोष्ट होणार: यादी आखडणार, हप्ता लांबणार किंवा दुसऱ्या खात्याचे पैसे इकडे येणार. तिन्ही झाल्या. २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांच्या तरतुदीतले पैसे हप्त्यासाठी वळवले गेले, आणि त्यावरची नाराजी मंत्रिमंडळातूनच जाहीरपणे बोलली गेली. या वर्गांतल्या बायकांनाही हप्ता मिळतोच, हा सरकारी बाजूचा युक्तिवाद अगदी खोटा नाही. पण वसतिगृहाच्या पोरांचा पैसा त्यांच्या आईच्या खात्यात गेला, तर त्या घराला नवे काय मिळाले?

विरोधी आघाडीने २०२४ ला तीन हजारांचे वचन दिले होते. त्याच यादीवर ते वर्षाला ९० हजार कोटी होतात. महायुतीचे एकवीसशे म्हणजे ६३ हजार कोटी. राज्याची महसुली तूट २०२५-२६ च्या अंदाजात ४५,८९१ कोटी आहे. वचन देणाऱ्याला हे आकडे ठाऊक नव्हते असे समजायचे कारण नाही. त्यामुळे घोषणा ऐकली की पहिले काम एकच: लाभार्थी गुणिले रक्कम गुणिले बारा. हा गुणाकार मोबाइलवर मिनिटभराचा आहे.

आता यादी आखडते कशी ते पाहा. जे खरोखर अपात्र होते, म्हणजे ज्यांच्या घरात सरकारी नोकरी, आयकर किंवा चारचाकी होती, त्यांना काढणे योग्यच. पण चाळणी लावताना कागदावर कच्ची असणारी बाई आधी गळते. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी मागितला. विधवा, परित्यक्ता, वडील नसलेली एकटी बाई तिथेच अडकली. तिच्यासाठी कागदपत्रांची वेगळी सोय नंतर झाली. शिवाय त्यातला एक प्रश्न नकारार्थी होता: कुटुंबातील कोणीही सरकारी नोकरीत कायम कर्मचारी ‘नाही’, हे मान्य आहे का? इथे पात्र बाईने ‘होय’ दाबायचे होते. आमच्याकडे कुठली सरकारी नोकरी, असे म्हणून असंख्य बायकांनी ‘नाही’ दाबले आणि कागदावर त्या सरकारी कर्मचाऱ्याच्या घरच्या ठरल्या. एका वाक्याची रचना चुकली आणि हप्ता थांबला. मग अंगणवाडी सेविका पुन्हा दारोदार.

दुसरी गळती बँकेत होते. अर्जावर लिहिलेल्या खाते क्रमांकावर पैसे येतात असा समज आहे. प्रत्यक्षात आधारला शेवटी जोडलेले खाते कुठले, ते पाहून डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा, पैसा तिथे जातो. मग तो कधी तरी गॅसच्या सबसिडीसाठी उघडून विसरलेल्या खात्यात पडून राहतो आणि बाई म्हणते, पैसे आलेच नाहीत. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिले की बँकेचे नाव कळते, आणि हवे ते खाते जोडायला त्या शाखेत संमतीचा फॉर्म द्यावा लागतो. जो उमेदवार रकमेच्या गप्पा मारतो त्याला विचारा, तुमच्या गावात हे तपासून द्यायला कोण बसवणार आहात?

मला सगळ्यात जास्त खटकते ते पुढचे. संजय गांधी निराधार योजना १९८० ची. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी, अनाथ यांच्यासाठी ती आहे, आणि तिची रक्कमही महिना पंधराशेच. उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१ हजार. लाडक्या बहिणीला अडीच लाख, निराधार विधवेला एकवीस हजार, आणि हातात पडणारी रक्कम सारखीच! २१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीची २०२५-२६ ची महाराष्ट्रातली मजुरी ३१२ रुपये रोज होती. म्हणजे त्या विधवेने वर्षात ६८ दिवस सरकारच्याच कामावर माती उचलली तर तिचे उत्पन्न २१,२१६ होते आणि सरकारच्याच नियमाने ती निराधार उरत नाही. म्हणून मग सगळ्या जिल्ह्यांत ‘एकवीस हजारांचा दाखला’ ही एक ठरावीक वस्तू झाली आहे. जी दाखला काढू शकते तिचे भागते. जिच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही ती बाहेर राहते. दिव्यांगांची मर्यादा ५० हजार आहे आणि त्यांची रक्कम २०२५ मध्ये अडीच हजार झाली, तेवढे बरे झाले.

वयाचेही असेच. लाडकी बहीण २१ ते ६५ वर्षांपर्यंत. पासष्टी ओलांडली की बंद. पुढे श्रावणबाळ योजना आहे, पण तिला पुन्हा २१ हजारांची अट. मग वर्षाला साठ हजार उत्पन्नाच्या घरातली बाई चौसष्टाव्या वर्षी पात्र आणि सहासष्टाव्या वर्षी अपात्र. हातपाय थकले नेमके तेव्हाच मदत थांबते. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला वाटा तर ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये आहे, ऐंशीच्या पुढे ५००. दिल्लीत इतकी सरकारे आली-गेली, हा दोनशेचा आकडा तसाच आहे. कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराला सभेत विचारण्यासारखा यापेक्षा नेमका प्रश्न मला दिसत नाही: पासष्टीनंतर काय?

मूळ मतभेद आहे तो मदत रोख द्यावी, धान्य द्यावे, काम द्यावे की काहीच न देता कारखाने आणि पाणी आणावे, याबद्दल. चारही बाजूंना काही ना काही आधार आहे.

कामाची बाजू आपल्याच राज्याने उभी केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, काम मागितल्यावर ते देणे सरकारवर बंधनकारक होते, नाही तर बेकारी भत्ता. दुसरी, पैसा कुठून येणार हे आधी ठरले होते. १९७५ पासून शहरी नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायला लागले, त्यासोबत आणखी काही कर बसवले, आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची. आजही पगाराच्या पावतीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते मुळात खेड्यातल्या मजुरासाठी होते. काँग्रेसचे सरकार होते, विरोधात समाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट होते. एकमेकांशी कडाडून भांडणाऱ्यांनी मिळून नवा कर लावला आणि मतदारांना तोंडावर सांगितला. आज योजना जाहीर करताना कर सांगणारा पक्ष दाखवा.

त्याउलट लाडकी बहीण, सणाला स्वस्त किराणा देणारा आनंदाचा शिधा, शिवभोजन या शासन निर्णयावर (जीआर) चालणाऱ्या योजना. जीआरने आले ते जीआरने जाते. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत सुरू झालेला शिधा २०२५ च्या दिवाळीत दिसला नाही, आणि त्यासाठी कोर्टात जायला कोणाकडे हक्क नव्हता. कायदा झाला की सगळे सुटते असेही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला. दिवस १०० चे १२५ झाले, पण खर्चाचा ४० टक्के वाटा राज्यावर आला आणि राज्याला किती रक्कम द्यायची हे केंद्र ठरवणार. त्याच्या वरचा खर्च राज्याने सोसायचा. तेव्हा वाढलेले पंचवीस दिवस पाहून मत देणाऱ्याने राज्याच्या अर्थसंकल्पात त्या ४० टक्क्यांची तरतूद आहे का, तेही पाहावे.

धान्याऐवजी रोख दिल्यावर काय होते, हे मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांनी भोगले आहे. केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने मिळत होते. ते थांबून २०२३ मध्ये माणशी १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले, पुढे १७०. म्हणजे किलोला ३४ रुपये. बाजारभाव वाढला तरी ही रक्कम आपोआप वाढत नाही. धान्य मात्र पाच किलोचे पाच किलोच राहिले असते. रोख रकमेची बाजू घेणाऱ्या पक्षाला विचारावे की रक्कम महागाईशी जोडणार का. रोजगार हमीची मजुरी दरवर्षी शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकावरून ठरत आली. मग पंधराशे रुपये जुलै २०२४ च्या भावात का अडकून राहावेत? पण रोख रकमेलाच ‘रेवडी’ म्हणणे मला पटत नाही. स्वतःच्या नावावरच्या खात्यात पैसे येणे आणि त्यासाठी नवऱ्यापुढे हात न पसरणे, याची किंमत ज्या घरात हे नव्हते तिथेच कळते.

कर्जाची काळजी करणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. राज्यावरचे कर्ज २०२५-२६ अखेर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज होता. महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठी कर्ज काढणे, आणि ते व्याज आपली पोरे फेडणार. पण हीच माणसे सुमारे ८६ हजार कोटींच्या शक्तिपीठ महामार्गाबद्दल गप्प असतील तर त्यांची काळजी अर्धीच आहे. योजना बंद करा म्हणणाऱ्या उमेदवाराने त्याऐवजी काय देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सांगायला हवे.

हे सगळे तपासायचे कसे? जाहीरनाम्यापासून सुरुवात करा. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१३ च्या निकालानंतर आचारसंहितेत जाहीरनाम्यांसाठी आठवा भाग आला. वचनामागचे कारण आणि पैसा उभा करण्याचा मार्ग ढोबळपणे तरी सांगावा, असे त्यात आहे. तो मार्ग छापला नसेल तर कार्यकर्त्याला दारातच विचारा. सत्तेवरच्या पक्षाचे वचन असेल तर शासन निर्णय उघडा. शेवटच्या पानांवर ‘होणारा खर्च अमुक लेखाशीर्षाखालील तरतुदीतून भागवावा’ हे वाक्य आणि वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक असतो. ही दोन्ही नसतील तर निर्णय अजून कच्चा समजा. मग वित्त विभागाच्या बीम्स प्रणालीवर तरतूद किती आणि वितरित किती ते पाहा. मार्च जवळ आला तरी वितरण निम्म्यावर असेल, तर सभेतल्या टाळ्या फुकट गेल्या. पुरवणी मागण्यांतही पाहावे: मुख्य अर्थसंकल्पात कमी ठेवून अधिवेशनागणिक भर घालण्याची सवय सगळ्याच सरकारांना आहे.

आणि निवडणूक कुठली आहे याचे भान ठेवावे. जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायतीचा उमेदवार पंधराशेचे एकवीसशे करू शकत नाही. त्यावरून त्याला मत देणे किंवा नाकारणे दोन्ही व्यर्थ. त्याच्या हातात वेगळे असते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर, १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. घरपट्टी थकली की हे टक्केही आटतात, आणि जे उरते त्यातून मार्चअखेर घाईने काही तरी खरेदी होते. मावळत्या सदस्याने पुन्हा मत मागितले तर गेल्या पाच वर्षांची दिव्यांग निधीची यादी ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगावी: वर्ष, रक्कम, वस्तू आणि ती कोणाला मिळाली.

आपली,
एक वाचक, परभणी